लांब टेकडीला भोक

प्रधान न्ये तुंग म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. समोर भिंत आली तर आपटतील, पण वळायचे नाहीत. चाळीस वर्षांच्या चाकरीत ते नियमाबाहेर साधे शिंकलेसुद्धा नव्हते.

तरुण राजाचं नाव होतं दी. आता दी म्हणजे बांध, आणि राजाचं नाव उच्चारायचं नाही हा बापजाद्यांचा रिवाज. घरच्या वडीलधाऱ्यांनी घेतलं तर चालतं, बाकीच्यांचं डोकं जातं. म्हणून न्येंनीच फर्मान काढलं की यापुढे बांधाला 'लांब टेकडी' म्हणावं. सगळ्या राज्याने ते पाठ केलं. वाचलं नाही ते फक्त राजाने, घ्या!

त्या वसंतात बर्फ वितळून नदी चढली आणि बांधाला भगदाड पडलं. खाली तीन गावं. शेजारीच दोन हजारांची फौज फावडी घेऊन बसलेली, पण हुकमाची खूण म्हणून राजाजवळ असलेला काशाचा अर्धा वाघ आपल्याजवळच्या अर्ध्याला जुळल्याशिवाय सेनापती बोटही हलवायला तयार नव्हता. तो अर्धा वाघ आणायला न्ये कुरकुरत्या गुडघ्यांनी दरबारात धावले. राजा तितर खाऊन नव्या घंटा वाजवून बघत होता.

"महाराज, लांब टेकडीला भोक पडलंय."

"मग कोल्हा असेल," राजा म्हणाला. "शिकाऱ्याला सांगा की."

न्येंनी परोपरीने सांगून पाहिलं. नदीचा काठ म्हणाले, मातीची रास म्हणाले. राजाला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. दुपारपर्यंत गावं वाहून जाणार होती. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी न्येंनी टोपी काढून जमिनीवर ठेवली आणि मान पुढे केली.

"महाराज, दी फुटतोय."

दरबाराने कानांवर हात ठेवले. राजाने घाबरून आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि कमरेचा वाघ काढून त्याने दारातल्या स्वाराकडे फेकला. स्वार धूळ उडवत गेला. न्ये मात्र तसेच गुडघ्यांवर.

राजाने उठायला सांगितलं, माफ केलं म्हणून सांगितलं. न्ये म्हणाले, माफीचं कलमच नाही, फर्मान मीच लिहिलंय.

राजाने कपाळाला हात लावला. मग हळूच विचारलं, "घरच्या वडीलधाऱ्याने नाव घेतलं तर चालतं ना?"

"चालतं. पण आपले सगळे वारले, महाराज."

"ठाऊक आहे. सहा वर्षं झाली, या नावाने मला कुणी हाक मारली नाही." त्याने लेखनिकाकडे पाहिलं. "लिहा, आजपासून हे माझे काका."

न्येंना रडू फुटलं. जीव वाचला म्हणून नव्हे. हे पोरगं एवढ्या माणसांत इतकं एकटं होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, म्हणून. त्यांनी डोळे पुसले, टोपी घातली. काका झालो म्हणजे काकाचं कर्तव्यही आलंच. राजाचा हात पुन्हा घंटेकडे वळत होता.

"दी, ती घंटा ठेव खाली," ते म्हणाले. "फावडं घे आणि चल माझ्याबरोबर."

राजा निमूट उठला.