बिनचुलीची उकळी

विंझरच्या देवीच्या देवळापुढे त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर मातीचा घट, खाली चूल नाही की निखारा नाही, आणि आत मात्र फसफस उकळी. घटेबाबा डोळे मिटून सांगत होते, "ही पाताळगंगा. निव्वळ पाणी. घट कधी धुवायचा नाही, शक्ती वाहून जाते. आणि तीर्थ घ्यायचं ते उपाशीपोटी."

तीर्थ घेतलेले लोक डुलत होते. कमरेतून वाकलेला हैबती तर चक्क नाचत होता. दारूबंदी आल्यापासून एवढी भक्ती गावात कुणी पाहिली नव्हती.

हैबतीची बायको साळूबाई तेवढी रडवेली. कंबर बरी केली म्हणून बाबांनी तिची दुभती शेळी मागितली होती, आणि तिची आईवेगळी नात त्या शेळीच्याच दुधावर वाढत होती.

"काकू," ती मला म्हणाली, "देवीला न्हाई कसं म्हनायचं? शेळी देवळामागं बांदून आले."

"थांब जरा. मला तीर्थ घेऊ दे."

माझी एकादशी होती. द्रोण हातात घेऊन मी हळूच विचारलं, "बाबा, यात धान्य नाही ना? आज मला चालत नाही."

"देवीची आण. पाणीच आहे."

उपवासाला खात्री केलेली बरी म्हणून मी द्रोण पदरातून गाळला. पाणी गळलं, पदरावर तांबूस कोंडा राहिला. कोंडा ओळखीचा निघाला. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचा नैवेद्य आम्ही बायकाच दर आठवड्याला आणत होतो. पीठ आणलं तर बाबा परत करायचे, "देवीला मऊ चालत नाही, भरडा आणा." त्यापायी दळण जाडं पडावं म्हणून जात्याच्या मधल्या खिळ्याला चिंधी घालून मीही वरची तळी उचलली होती.

"बाबा, नैवेद्य घटात कसा गेला?"

बाबा उत्तर जुळवत होते, तेवढ्यात साळूबाईची शेळी दावं तोडून आली. चार पाय चार गावांना निघालेले.

"बघा," बाबा घाईने म्हणाले, "मुक्या जिवाच्या अंगात देवी आली."

साळूबाईने पदर पसरला. "आई, तू बाबांकडं जातीस का आमच्यात ऱ्हातीस?"

शेळीने बाबांना नीट न्याहाळलं, पोटात एक ढुशी दिली आणि साळूबाईच्या पायांवर बसकण मारली.

"कौल दिला," गेनबा पाटील म्हणाले.

"तो कौल नव्हे, ती शेळी आहे," बाबा पोट चोळत म्हणाले.

"आत्ता तर देवी म्हनला न्हवं?"

शेळी वाचली. पण बायका तिला हळदकुंकू लावायला लागल्या, तेव्हा मला गप्प बसवेना. मी सगळ्यांना देवळामागे नेलं. जिथे शेळी बांधली होती तिथेच नाचणीच्या ओल्या चोथ्याचा ढीग होता, अर्धा खाल्लेला.

"मोडाचं धान्य गोड होतं," मी सांगितलं. "भरडून कोमट पाण्यात घातलं की गोडी पाण्यात उतरते. न धुतलेल्या घटातलं आंबवण लागलं की ते फसफसतं आणि चढतं. पिठाचा झाला असता गोळा, गाळता आलं नसतं. म्हणून भरडा."

"पुरावा काय?" बाबांनी विचारलं.

मी घटातलं पळीभर घेऊन घरी तसाच भरडा भिजवला. दोन दिवसांनी माझ्या ओसरीवर, मंत्राविना, बिनचुलीची उकळी आली. पाहायला सगळे आले, बाबा तेवढे आले नाहीत. मी मडकं उकिरड्यावर ओतायला निघाले, तसा हैबती म्हणाला, "समदं वतू नगा काकू. खात्री कराया वाईच ठेवा."

"कंबर कशी आहे?"

"व्हती तशीच. वर डोकं दुकतंय."

साळूबाईची नात तिच्या मांडीवर वाटीने दूध पीत होती. शेळी कोपऱ्यात रवंथ करत होती, पुरती शुद्धीवर.

माझे उपवास आजही चालू आहेत. देवीपुढे दिवा लावल्यावाचून मी घास घेत नाही. पण बायांनो, देवीला हात जोडायचे आणि तिच्या नावावर कुणी दिलेलं मात्र आधी गाळून बघायचं. पदर त्यासाठीही आहे.