राहीबाई का हसली?

मित्रांनो, औंधच्या हरिबा गोंधळ्याच्या घरी खुंटीला टांगलेला जुना संबळ तो मीच. एक भांडं लाकडाचं, एक तांब्याचं, दोन्हींवर बोकडाचं कातडं. हरिबाच्या बापानं मला मढवलं तेव्हा लोक म्हणाले, "काय संबळ हाय, बोलतोय गड्या!" उगीच आपलं काहीतरी! मला बोलता आलं असतं तर ही गोष्ट मनात सलत राहिली नसती.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. गावातल्या राहीबाईचा लेक आकाराम ब्रह्मदेशात पलटणीत होता. कित्येक महिने त्याची खुशाली नव्हती. त्याची बायको मनुबाई रडून रडून अर्धी झाली होती. म्हणून नवरात्रात सासू-सुनेनं यमाईदेवीपुढं गोंधळ घातला.

मी वाजू लागलो आणि राहीबाईच्या अंगात वारं आलं. एरवी वारं आलं की बाया घुमतात, कौल देतात. राहीबाई मात्र गप्प बसली. डोळ्यांतून धारा आणि तोंडावर हसू. कशाचं हसू? देव जाणे!

"आई, माजा मालक जिता हाय का?" मनुबाईनं पाय धरले. राहीबाई तशीच हसत राहिली.

वारं उतरल्यावर सगळ्यांनी गराडा घातला. "आई काय म्हनली?"

"काय सांगू? हुती... लय जवळ हुती," राहीबाई चाचरली. "म्होरं बोलाया येत न्हाई."

हरिबाला कुठला दम! "आवं, हसली म्हंजे जिता हाय! कौल मिळाला!"

मनुबाईनं हरखून गावभर गूळ वाटला. राहीबाई "न्हाई, तसं न्हाई" म्हणत होती, पण ऐकतं कोण?

दिवाळीच्या तोंडावर तार आली. आकाराम नवरात्राच्या आधीच लढाईत पडला होता.

मनुबाई तरातरा हरिबाच्या दारात आली, मागोमाग राहीबाई. "देवी खोटं बोलली! फोडून टाका त्यो संबळ!"

राहीबाईनं तिला कवेत घेतलं. "आई खोटं न्हाई बोलली, पोरी. ती बोललीच न्हाई. बोललो ते आपन."

"मग आत्या, तुमी हसलासा कशाला? तुमचं लेकरू गेलं हुतं!"

"त्ये सांगाया येत न्हाई, पोरी," राहीबाई म्हणाली. तिनं सुनेचा हात आपल्या छातीवर घट्ट धरला. मनुबाईला काही कळलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही. हरिबानं तर त्यानंतर मला हातच लावला नाही.

मित्रांनो, माझं कातडं आता सैल पडलंय. अधूनमधून ऊन दाखवा, ओल लागू देऊ नका. आणि ज्याला सांगता येत नाही, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. मनुबाईला ते फार महाग पडले.