कमी पडलेले दिवस

दाराची साखळी न काढताच मोक्रानने फटीतून पाहिलं आणि वर्दियाला बाहेरच्या लोखंडी जिन्यावरच उभं ठेवलं. मॉन्ट्रियलचा फेब्रुवारी, पायऱ्यांवर बर्फ थिजलेला. घटस्फोटानंतर ती पहिल्यांदाच या दारात आली होती, तीही नाइलाजाने. नागरिकत्वासाठी देशात ठरावीक दिवस भरावे लागत; अर्जात गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर कधी आणि किती दिवस राहिलो ते दाखवावं लागे, आणि तिचा मुदत संपलेला पासपोर्ट याच्याच कपाटात राहिला होता.

तो आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. मुद्दामच, हे तिला ठाऊक होतं. शेवटी फटीतून पासपोर्ट बाहेर आला. तिने हातमोजा काढून तिथेच एकेक पान उलटून पाहिलं.

"फाडलं नाहीये काही," तो म्हणाला.

"तुझा काय भरवसा."

एवढ्यावर ती निघाली असती, पण राहवलं नाही. दोघं एकाच विमानाने अल्जीरियातून इथे आले होते. मग त्याचा अर्ज कुठे अडला, की तेही काम नेहमीसारखं अर्धवटच, असं तिने विचारलं.

"माझे दिवस भरत नाहीत."

"कसे भरतील? अख्खा हिवाळा गावी जाऊन बसलास. ऑलिव्हची तोडणी म्हणे."

न्यायाधीशांपुढेही तिने हेच सांगितलं होतं: बायकोला परक्या मुलखात टाकून हा गावात लोळत होता. तेव्हा तो मान खाली घालून गप्प बसला होता, आणि तिने ती कबुलीच धरली होती. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस तिचे वडील, तिचे वावा, गेले. दुसऱ्या दिवशीच दफन झालं. ती पोहोचू शकली नव्हती.

"कुणी बोलावलं होतं तुला तिकडे?"

मोक्रान साखळीशी चाळा करत राहिला.

"तुझ्या वडिलांनी."

ती हसली. "वावांचं सगळं माझ्या भावाने केलं. अमझियानने स्वतः सांगितलंय मला."

"अमझियान माती द्यायला आला. त्याआधी म्हाताऱ्याला उचलून न्हाऊ कोण घालत होतं, ते गावात कुणालाही विचार. तेच म्हणाले, तिला कळवू नकोस. कळलं असतं तर तू सगळं टाकून आली असतीस, आणि तुझे दिवस बुडाले असते."

"कोर्टात का नाही बोललास?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुझ्या वकिलाला कशाला सांगू?"

त्याच्या आवाजात मायेचा लवलेश नव्हता. त्याने दार लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

वर्दिया उघड्या हाताने तशीच उभी राहिली. मग तिने बेल दाबली. जरा थांबून पुन्हा दाबली. आत टीव्हीचा आवाज मोठा झाला. तिने बेलवरचं बोट काढलं नाही.