टे. १९०

कर्रऽ कर्रऽ... दुपारच्या चिडीचूप घरात कात्रीचा आवाज उठला आणि खाटेवर कलंडलेला शिंपी खडबडून जागा झाला. आपल्या कात्रीचा आवाज तो झोपेतही ओळखायचा.

"अगं, काय कापतेयस?"

"टेबलाचं कापड," बायको मान वर न करता म्हणाली. "चांगलं तीन मीटर. वहीत ऑर्डर पडून आहे, आणि मला पत्ता नाही!"

"कसली ऑर्डर?"

तिनं मापांची वही पुढे सरकवली. वहीत त्याचा सगळा कारभार आद्याक्षरांत चाले. छा. म्हणजे छाती, कं. म्हणजे कंबर, बा. म्हणजे बाही. काज-बटणं तिच्याकडे असल्यानं ही भाषा तिला तोंडपाठ होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : टे. १९०. हवं किमान ३००.

"आहे ते एकशे नव्वदचं, हवं तीनशेचं. गिऱ्हाइकाचं खटलं मोठं दिसतंय."

शिंप्यानं पानाकडे पाहिलं, जमिनीवर पसरलेल्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं. आधी त्याचा चेहरा उतरला. मग त्याच्याही नकळत खांदे हलायला लागले.

"हसायला काय झालं?"

"ते टेबल नाही गं." सुजलेली बोटं त्यानं दुसऱ्या मुठीत लपवली. "टेस्टोस्टेरॉन. रक्तातलं. पुरुषांचं... ते असतं ना."

कात्री थांबली.

त्याचा संधिवात तिला ठाऊक होता. अंगातले राखणदारच घरच्या माणसांना चोर समजून झोडपतात, असा तो आजार. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. हे मात्र तिच्या कानावर आलं नव्हतं. चार महिने तो भिंतीकडे तोंड करून झोपत होता, आणि ती आरशासमोर उभी राहून बाळंतपणात सुटलेलं पोट आत ओढून बघत होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"या दुखण्यात बऱ्याच जणांचं हे कमी भरतं म्हणे. आधी सूज उतरवू, मग पुन्हा मोजू." तो जमिनीकडे बघत राहिला. "तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

"आणि मला वाटत होतं, मीच नकोशी झालेय."

"तू?"

तो इतक्या भाबडेपणानं चकित झाला, की तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"बरं, आता हा तंबू कुणाच्या टेबलावर घालू?"

"आपल्याच."

"आपलं टेबल चार फुटांचं!"

"लोळू दे की जमिनीवर. राजवाड्यात लोळतं तसं."

ती वहीनं त्याच्या पाठीत एक हाणणार, एवढ्यात कापडाचं एक टोक हललं आणि दुपारची झोप सोडून त्याखाली शिरलेल्या पाच वर्षांच्या लेकीचं डोकं वर आलं. केस विस्कटलेले, कान टवकारलेले. शिंप्याचीच पोर ती. मापाचं बोलणं तिच्या कानांतून सुटत नसे.

"आई, ते टे. कुठून कुठपर्यंत मोजायचं?"