उजव्या बाजूची ओळ

गुरुवार, २० मे २०२१. दहिवली. आभाळ भरलेलं, वारा पश्चिमेचा. पाऊस नाही. तीन दिवसांपूर्वीच्या वादळात पडलेले आंबे अजून गल्लीत, त्यांचा आंबूस वास.

हे माझ्या एकशे नवव्या पानाच्या डोक्यावर लिहिलेलं आहे आणि ते अक्षर न् अक्षर खरं आहे. त्याच पानावर, खाली उजवीकडे, एक ओळ खोटी आहे. मी वही आहे. दोनशे पानांची, निळ्या पुठ्ठ्याची. अंगावर जे लिहितील ते वागवायचं, एवढंच माझं काम. ती ओळही मी वागवली, आणि तिची लाज मला अजून वाटते.

कर्जतच्या बाजारातून मला अक्षदाने आणलं होतं, कॉलेजच्या टिपणांसाठी. कॉलेज मोबाइलवरच भरू लागलं, टिपणंही मोबाइलवरच आली आणि मी कपाटात कोरी राहिले. फेब्रुवारीच्या एक तारखेला तिच्या वडिलांनी, जगदीशनी, मला उघडलं. माझ्याआधी त्यांनी दोन वह्या भरल्या होत्या.

जगदीश साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. शिक्षण दहावी. पहिल्या लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला तेव्हा ते गच्चीवर जाऊन बसू लागले आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांना कळलं की घरामागच्या उंबरावर रोज सकाळी ठोके देतो तो तांबट. मग दयाळ, नाचण, हळद्या. नावं त्यांनी विचारून विचारून गोळा केली. खात्री नसली तर ते नाव लिहीत नसत, फक्त 'ओळख पटली नाही' असं लिहीत.

रोज एक पान. मधोमध स्टीलच्या पट्टीने रेघ. डावीकडे पक्षी, उजवीकडे घराची तब्येत. कोणाला किती ताप, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन किती, वाफ कोणी घेतली, कोणी टाळली. दोन्हीकडे घड्याळ बघून वेळ. त्यांची बायको उज्वला एकदा म्हणाली, "अहो, मी गच्चीवर खोकले तर डावीकडे लिहाल की उजवीकडे?" ते हसले आणि तिच्या खोकल्याची वेळ लिहिली. उजवीकडे.

वहीत आहे म्हणजे खरं, असं शेजारीही म्हणत; गल्लीत माझी पत वाढली होती. मला त्याचा अभिमानही होता.

त्या गुरुवारी ते टोकन घेऊन शाळेत गेले. तिथे लस टोचत होते. मी त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत होते. रांग पुढे सरकली, ते खिडकीसमोर आले आणि आत एका माणसाच्या दंडात सुई जाताना त्यांना दिसली. तेवढ्यात नदीकडून दोन सुरांची शीळ आली. नवरंग. वर्षातून एकदा इकडे येणारा पक्षी. त्यांनी मागच्या माणसाला "आलोच" म्हटलं आणि रांग सोडली.

नवरंग हे निमित्त होतं. पिशवीतून मला त्यांच्या छातीचे ठोके ऐकू येत होते आणि ते शीळ येण्याआधीच वाढले होते. टोकन त्यांनी चुरगाळून खिशात कोंबलं.

नदीकाठी बसून मला गुडघ्यावर ठेवून त्यांनी लिहिलं: '११.१० ते ११.४५. नवरंग, एक. बांबूचं बेट. पाचोळ्यात उड्या मारत किडे टिपत होता. पाठ हिरवी, शेपटीखाली लाल.' डावीकडे.

घरी उज्वलाने विचारलं, दुखतंय का. त्यांच्या तोंडून गेलं, थोडंसं. मग संध्याकाळी, ती शेजारी भाजी निवडत असताना, त्यांना लिहावंच लागलं: 'पहिला डोस, शाळेत, ११.२०. अर्धा तास बसवलं. डावा दंड किंचित दुखतो. रात्री नऊला ९९.४.' तेव्हा नऊ वाजलेही नव्हते. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. प्रमाणपत्राचं उज्वलाने विचारलं तेव्हा मोबाइल नंबर चुकीचा टाकला असेल म्हणाले.

एवढ्यावर राहिलं असतं तर लाज आमच्या दोघांतच राहिली असती. चार दिवसांनी विठाबाई आली. दोन घरं सोडून राहते, एकटी, सत्तरीला टेकलेली. मुलगा मोहोपाड्याला असतो. लस घेतली की माणूस दगावतो असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. मुलगा फोनवर ओरडून थकला होता. ती म्हणाली, "तोंडाचं मी कुनाचं धरत नाय. तुज्या वहीत काय लिवलंय त्ये वाच."

जगदीशनी मला उघडलं. पानावर बोट ठेवलं, उजवीकडे, आणि वाचलं. बोट ओलं होतं. ९९.४ हा आकडा तिने दोनदा वाचून घेतला. "येका रातीत उतरला न्हवं?" ते हो म्हणाले. मला तोंड नाही, हे बरं की वाईट, मला आजही सांगता येत नाही.

सत्तावीस मेला विठाबाईने लस घेतली. रात्री तिला एकशे दोन ताप आला. दुसऱ्या दिवशीही उतरला नाही. ताप येऊ शकतो हे केंद्रावर सांगितलं होतं, पण तिने हिशोब माझ्याशी लावला. जगदीशचा एका रात्रीत गेला, आपला जात नाही, म्हणजे आपल्या सुईत खोट. तिने उज्वलाला बोलावून पेटीतलं हिरवं लुगडं दाखवलं, मेल्यावर हेच नेसवा म्हणाली. जगदीश मास्क लावून दारात बसून होते, दर दोन तासांनी तिचा ताप बघून माझ्यात लिहीत होते. ते सगळे आकडे खरे आहेत. तेव्हा ते बोलू शकले असते. बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. विठाबाईने सांगून टाकलं, दुसऱ्या सुईला ती जायची नाही.

जून गेला, जुलै गेला. जगदीश पक्षी लिहीत राहिले. एकशे नववं पान मात्र ते कधी उघडत नसत. एकदा बोट आपोआप तिथे गेलं तर त्यांनी मला मिटून टाकलं.

पंधरा ऑगस्टला अक्षदा माझ्यातले पक्षी संगणकावर उतरवत बसली होती. मे महिन्यावर आली आणि थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग मला तशीच उघडी घेऊन गच्चीवर गेली.

"पप्पा, अकरा वीसला तुम्ही शाळेत होता की नदीवर?"

त्यांनी उंबराकडे बघितलं. मग म्हणाले, "नदीवर." आणि पुढे, "सुईला घाबरलो गं." मला त्यांच्या मांडीवर ठेवून ती खाली गेली. त्यांनी खिशातून चुका झाकायची पांढरी शाई काढली, टोपण उघडलं आणि परत लावलं.

त्याच संध्याकाळी ते मला घेऊन विठाबाईच्या ओट्यावर गेले. ती शेवग्याचा पाला देठांवरून ओरपत होती. त्यांनी आधी डावी बाजू वाचली, मग उजवी. तिचे हात थांबले.

"म्हंजी पाखराचं खरं लिवलंस," ती म्हणाली, "आन मानसाला फसवलंस."

जगदीश खाली मान घालून बसले. मी त्यांच्या हातात होते, मलाही मान असती तर खालीच गेली असती.

"मी लुगडं काढून ठिवलं व्हतं रं."

"हो, काकू."

ती पुन्हा पाला ओरपू लागली. पाटी भरत आली तेव्हा म्हणाली, "माजी तारीख कदी हाय?"

"गुरुवारी."

"पयली तू घे. मी म्होरं उबी ऱ्हाऊन बगनार. आन वही घरी ठिव. त्या दिसाचं अक्षदा लिवील, तू नाय."

घरी येऊन त्यांनी उज्वलालाही सांगितलं. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग त्यांनी एकशे नवव्या पानावर, उजवीकडे, पट्टी लावून एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि पुढे लिहिलं: 'खोटं. जगदीश.'

माझी पानं आता संपली. उद्या मी आधीच्या दोघींजवळ कपाटात जाईन. जो कोणी मला उघडेल त्याला माझं एवढंच सांगणं, ते पान फाडू नका. तांबट, नवरंग, विठाबाईचा ताप, सगळं त्याच्या आधाराने खरं आहे. शेवटच्या पानावरचं अक्षर अक्षदाचं आहे.

गुरुवार, १९ ऑगस्ट २०२१. दहिवली. सकाळपासून रिपरिप. डावीकडे: नवरंग नाही. तांबट, एक. उजवीकडे: पप्पा, पहिला डोस, १०.५०. विठाआजी, दुसरा डोस, १०.५४. रात्री नऊ वाजता, पप्पा १०१.२. विठाआजी ९८.४.