‘बरं’ या शब्दाची सुनावणी

माझ्या पत्नीस प्रत्येक बोलण्यावर ‘बरं’ म्हणण्याची सवय होती. ती लाँड्रीच्या काउंटरमागे उभी राहून कपडे स्वीकारीत असे. गिऱ्हाईक म्हणे, कॉलरवरचा डाग निघाला पाहिजे. ती म्हणे, बरं. गिऱ्हाईक म्हणे, मागच्या खेपेस बटण तुटले, त्यावरही बरं. ऐकले, एवढाच त्या उच्चाराचा अर्थ, हे सर्व जण जाणून होते. मी बाइंडिंगच्या कारखान्यातून परतल्यावर दिवसभराची गाऱ्हाणी मांडीत असे, तेव्हा स्वयंपाकघरातून येणारे तिचे ‘बरं’ हाच माझा विसावा होता.

पोटातील गाठ काढण्यासाठी तिला रुग्णालयात दाखल केले. संमतीपत्रावरील सही गाठीपुरतीच घेतलेली होती. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी, ती स्ट्रेचरवर आडवी असताना, शल्यचिकित्सक चालता चालता तिला म्हणाले की, गरज भासल्यास पिशवीही काढू. ती म्हणाली, बरं. शुद्धीवर आली तेव्हा तिचे गर्भाशय गेले होते. पुढे तपासणीत ते पूर्णतः निर्दोष असल्याचे निष्पन्न झाले. आम्हांस मूल नव्हते. आता ते होणारही नव्हते.

त्या दिवसापासून तिने तो शब्द टाकला. मी बोलत असे, आणि स्वयंपाकघरातून केवळ भांड्यांचा आवाज येई.

आम्ही ग्राहक मंचाकडे भरपाईचा दावा लावला. सर्व वाद एकाच मुद्द्यावर येऊन ठेपला: त्या ‘बरं’ने तिने संमती दिली होती काय? सुनावणीची खोली अरुंद होती. पंखा असा खडखडे की अध्यक्षबाई साक्षीदारांस पुनःपुन्हा मोठ्याने बोलण्यास सांगत. आमच्या वकिलांनी लाँड्रीच्या मालकीणबाईंना साक्षीस आणले होते. त्या तोंडाने फटकळ, परंतु मनाने निर्मळ.

“मी हिला म्हणते, पगारवाढ पुढच्या वर्षी. ही म्हणते, बरं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पगारवाढ मागायला हजर. याला तुम्ही संमती म्हणत असाल तर म्हणा. मी छळ म्हणते.”

खोलीत हशा पिकला. शल्यचिकित्सकही हसले. मला वाटले, जिंकलो.

त्यानंतर रुग्णालयाच्या वकिलांनी मला उभे केले. ते तरुण होते व अत्यंत अदबीने बोलत. प्रथम माझ्या कामाची चौकशी केली. मग सहज विचारावे तसे म्हणाले, “काका, लग्नाचं यांना कोणी विचारलं होतं?”

“मीच.”

“मग या काय म्हणाल्या?”

खरे बोलण्याची शपथ मी घेतली होती. शिवाय ती आठवण ही माझ्या आयुष्यातील एकमेव ठेव. तिच्याविषयी खोटे बोलणे मला जमले नसते.

“बरं म्हणाली.”

“आणि तुम्ही तो होकार धरलात.”

या वेळी कोणी हसले नाही. मालकीणबाई चष्मा पुसत राहिल्या.

अध्यक्षबाईंनी अखेर तोडगा सुचविला. रुग्णालयाने शस्त्रक्रियेचा खर्च परत द्यावा, चूक कोणाचीही धरू नये आणि दावा मिटवावा. अन्यथा तो फेटाळणे भाग आहे. आमचे वकील माझ्या कानाशी लागले, पदरात पडते ते घ्या म्हणाले. मी होकारार्थी मान हलविली. परंतु दावा तिचा होता, आणि उत्तर तिनेच द्यावयाचे होते.

“बोला बरं, ताई. मान्य आहे ना?” अध्यक्षबाईंनी विचारले.

ती उभी राहिली. सर्वांचे लक्ष तिच्या ओठांकडे लागले होते. तो एक शब्द ऐकण्यास मीदेखील आतुर झालो होतो.

“मला बरं नाही,” ती म्हणाली.

अध्यक्षबाईंना वाटले, हिला भोवळ आली. त्यांनी शिपायाकडून पाणी मागविले, खुर्ची देवविली. तिने पाण्यास हात लावला नाही, बसलीही नाही. तेच वाक्य तिने पंख्याच्या आवाजावर, एकेक शब्द सुटा करून पुन्हा उच्चारले. तेव्हा कोठे अध्यक्षबाईंच्या ध्यानात आले. त्या लेखनिकास म्हणाल्या, “अमान्य लिहा.”

दावा फेटाळला गेला. बाहेर पडताना मी तिला म्हणालो, सावकाश उतर, पायरी ओली आहे. तिने कठडा धरला आणि न बोलता ती उतरू लागली.