पत्रिकेसारखा मांडलेला कोड

मी एक कोड बोलतोय. दचकू नका, मी काही बँकेचा ओटीपी नव्हे. पायथन भाषेतला चार ओळींचा साधा जीव. सोयाबीनमधला ओलावा मला सांगा. जास्त असला तर मी ‘अजून वाळवा’ म्हणतो, नसला तर ‘बाजारात न्या’.

भोकरच्या तनुजा मॅडमनी मला त्यांच्या कॉम्प्युटर क्लाससाठी लिहिलं. जन्मलो तेव्हा अगदी ठणठणीत होतो. क्लासच्या वेबसाइटवर मला चढवायचं काम मात्र त्यांच्या वडिलांनी, व्यंकटअप्पांनी, हौसेनं अंगावर घेतलं. अप्पांची हयात लग्नपत्रिका छापण्यात गेलेली. त्यांनी माझ्या सगळ्या ओळी मधोमध आणल्या, साधी अवतरणचिन्हं काढून वळणदार लावली आणि डोक्यावर ‘॥ रेणुकामाता प्रसन्न ॥’ लिहिलं. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ एवढंच काय ते राहिलं होतं. मला लाज वाटत होती, पण कोडला विचारतो कोण?

एके दुपारी बिलोलीहून अयोध्या नावाच्या विद्यार्थिनीचा फोन आला. लग्नानंतर सुटलेलं शिक्षण ती घरबसल्या, वेबसाइट बघून पुन्हा धरू पाहत होती.

“मॅडम, कितीबी येळा उतरवलं तरी चूकच दाखवायलंय. माझ्या डोक्यातच न्हाई हे. घरचेबी म्हणायलेत, उगं कशाला. सोडून देते मी.”

दोष माझ्या पोशाखाचा आणि शिक्षा त्या पोरीला.

मॅडमनी पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. “अप्पा, हे काय करून ठेवलं तुम्ही?”

“काय वाईट हाय? मधोमध कसं भरून दिसायलंय.”

“कोणती ओळ कोणाच्या हाताखाली, हे मशीनला डावीकडच्या मोकळ्या जागेवरनं कळतं. तुम्ही ती जागाच खाऊन टाकली.”

“मोकळी जागा सोडली की गिऱ्हाईक म्हणतंय, कागद वाया घातला,” अप्पा पुटपुटले.

मॅडमनी माझ्या ओळी डावीकडे नेल्या, त्यांची मोकळी जागा परत दिली, मशीनला न कळणारी वळणदार चिन्हं आणि डोक्यावरची ओळ उपटली आणि ‘हे जसंच्या तसं दाखव’ असं वेबसाइटला सांगणाऱ्या खुणांमध्ये मला बसवलं. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू!

“देवीचं नाव काढलंस व्हय?” अप्पांचा चेहरा पडला.

मॅडम थांबल्या. मग ती ओळ परत आणून तिच्या आधी त्यांनी # असं चिन्ह टाकलं. “आता राहू द्या. हे चिन्ह असलं की मशीन ती ओळ वाचत न्हाई.”

“मशीननं न्हाई वाचलं तरी चालतंय. देवी वाचती.”

मग मॅडमनी अयोध्याला फोन लावला. “चूक तुझी नव्हती गं, आमच्या पानाची होती. पुन्हा उतरव.” पलीकडे बराच वेळ नुसती बटणं वाजली. मग हळू आवाजात ऐकू आलं, “अजून वाळवा.” आणि ती हसली. मला रडू आलं असतं, पण तशी सोय माझ्यात नाही.

आता मी त्या खुणांनी आखलेल्या राखाडी चौकटीत सुखात आहे. बाबांनो, मला नटवू नका, माझी रिकामी जागा तेवढी मला ठेवा.

परवा माझ्या शेजारी अयोध्यानं स्वतः लिहिलेला पहिला कोड आला. पहिलीच ओळ होती, # ॥ रेणुकामाता प्रसन्न ॥. खाली तिनं विचारलं होतं, “मॅडम, ही ओळ लिहावीच लागती ना?”

मॅडमनी अप्पांकडे पाहिलं आणि उत्तर लिहिलं, “हाव, लागती.”